पांढऱ्या मनाचा शब्द

आमच्या थोरल्या दिरांनी हैदराबादेहून एक इंग्रजी शब्द आणला. कँडर. ते तहसील कचेरीत वकिली करत, आणि जेवताना, पाहुण्यांत, कुठेही तो शब्द काढत. अर्थ मोकळेपणा, मनात आहे तेच बोलणे. मुळात लॅटिन भाषेत तो शब्द पांढरेपणाचा, लखलखीतपणाचा. "मन कसं धुतल्या धोतरासारखं पाहिजे," असे ते म्हणत. रोम नावाच्या जुन्या शहरात निवडून येऊ पाहणारे लोक कपड्यांना खडू फासून पांढरे होऊन हिंडत, त्यांचे 'कँडिडेट' हे नावही याच मुळातून आले, हेही सांगत. मी दाराआडून ऐकायची. खडू फासला तर खालचा मळ जातो कुठे, एवढेच मनात यायचे.

त्यांचे धोतर मीच धुवायची. तपकिरीने आणि शेंबडाने चिकटलेला रुमालही. तो भिजत घातला की पाणी काळपट व्हायचे आणि मला त्या दिवशी घास गिळवत नसे.

धाकट्या नणंदेला पाहायला गेवराईची माणसे आली. लहानपणी तिचा कान वाहायचा, पण शहाणी होण्याआधीच तो कोरडा झाला होता. तिला चालवून पाहिले, केस सोडून पाहिले. मुलाच्या आईने जवळ बसवून पाठीवरून हात फिरवला. आता जमले, असे वाटले.

तेवढ्यात दीर म्हणाले, "आम्ही काही लपवत नसतो. हिचा कान फुटला होता. घाण यायची. घ्या, वास घेऊन बघा."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बहिणीचे डोके धरून कान त्या बाईपुढे केला. पोरीने डोळे मिटून घेतले.

बाईने वास घेतला नाही. "कान कोरडा हाय की. पोरीला काहून असं धरलंय, वकीलसाहेब? सोडा तिला." मग ती नवऱ्याकडे वळली. "उठा. पोरगी लई गुणाची हाय. पर ह्या घरचं तोंड आपल्याला झेपायचं न्हाई. उद्या आमचंबी असंच चारचौघांत मांडतील."

ते गेले. त्यांच्या पुढ्यातला शिरा दिरांनीच संपवला. "बघितलंत? कँडर लोकांना पचत नाही," म्हणाले, आणि बोटे चाटली.

चुलीपाशी जाऊबाई हळूच बोलल्या, "ह्यांना फेफरं येतं, हे माझ्या बापाला सांगायला तवा कुणाचं तोंड उघडलं न्हाई."

कानाची गोष्ट गावोगाव गेली. शेवटी नणंद तेलगावच्या एका बिजवराला दिली. त्याची मोठी मुलगी हिच्याच वयाची. माहेरी आली की नणंद अजून त्या कानावर पदर ओढून बसते, भर उन्हाळ्यातही.

परवा दीर एका नव्या पाहुण्याला त्या शब्दाचे मूळ समजावत होते. मी पाण्याचा तांब्या उंबऱ्यावरच ठेवून आत आले. मोरीत त्यांचा रुमाल भिजत होता.