तीन रांजण आणि चारचा चहा

पाण्यालाही वळण लावता येतं अशी खात्री असलेला माणूस सबंध सोलापुरात एकच होता, आणि नेमका तोच माझा घरमालक निघाला. सात रस्त्यामागच्या एका बोळात त्यांचं घर. पुढच्या दोन खोल्या मला भाड्यानं दिलेल्या. मी सकाळच्या शाळेत मराठी शिकवायचो, म्हणून ते मला मास्तर म्हणत आणि माझ्याकडे जरा दयेनंच बघत. स्वतः ते एका गिरणीच्या बॉयलरवर उभी हयात काढून नुकतेच घरी बसले होते. घरी बसले हे आपलं बोलण्यापुरतं. बसलेले मी त्यांना दिवसातून एकदाच बघायचो, दुपारी चार वाजता, आणि तेही एकटे.

त्या एकटेपणाला कारण होतं. बहात्तरच्या दुष्काळात परसातली विहीर आटली. मालकीणबाई म्हणत होत्या, गाळ काढा, आणखी थोडी खोल खणा. मालकांनी ऐकलं नाही, बोअर मारली. पाणी लागलं, हातपंप बसला, बोळात पेढेसुद्धा वाटून झाले. पंपातून पाणी यायचं नितळ. पण बादलीत दहा मिनिटं राहिलं की पिवळं पडायचं आणि थोड्या वेळानं तळाशी तांबूस गाळ. पाण्यात लोखंड होतं. धोतरं भगवी झाली, भातावर झाक आली, इथपर्यंत बाईंनी सोसलं. पण त्या पाण्याचा चहा दौतीतल्या शाईसारखा काळा उतरला. बाईंनी तो मोरीत ओतला आणि म्हणाल्या, "बोर तुमची हाय, तवा चहा बी तुमीच प्या." आणि आपली कपबशी घेऊन समोरच्या विणकरांच्या घरी गेल्या. तिथल्या अम्मांकडे महापालिकेचा नळ होता. लग्न झाल्यापासून तीस वर्षं या नवराबायकोनं चारचा चहा ओसरीवर एकत्र घेतला होता. त्या दिवसापासून बाई रोज चार वाजता बोळ ओलांडायच्या. अम्मांकडून घागरभर पाणी आणावं, असं मी एकदा सुचवून बघितलं. मालक म्हणाले, "मास्तर, हजार माणसांच्या गिरणीच्या बॉयलरला मी पाणी पाजलंय. आता बायकूच्या चहाला उसनं आणू व्हय?"

म्हणून मग परसात एक दगडी चौथरा बांधला गेला आणि त्यावर पायरीपायरीनं तीन रांजण चढले. सगळ्यांत वर खिळ्यानं भोकं पाडलेला तेलाचा डबा टांगलेला, पाण्याला वारा लागावा म्हणून. पहिल्या रांजणात लाकडी कोळसा, दुसऱ्यात वाळू, तिसऱ्यात गाळून आलेलं पाणी. वाळू साधीसुधी नव्हे. मालकांनी ती भीमेहून आणवली, तीन चाळण्यांनी चाळली आणि तांदूळ निवडावेत तशी परातीत घेऊन निवडली. पाणी ओतायचं ते हळू. मी एकदा कामावर जायच्या गडबडीत अख्खी बादली डब्यात उपडी केली, तर मागून आवाज आला, "अवो मास्तर, पाणी हाय ते, कचरा न्हाय! दमानं घ्या की." तेव्हापासून मी अंघोळ पहाटेच उरकायला लागलो, म्हणजे दमानं पाणी ओतायला सवड राही.

आठवड्यातून एकदा, शनिवारी, वाळू धुण्याचा सोहळा असे. सगळी वाळू बाहेर काढायची, सात पाण्यांनी धुवायची, दाण्यावर तांबडा डाग दिसला की पुन्हा धुवायची. परत भरली की परीक्षा. एका पेल्यात चहाची पूड घ्यायची, त्यावर रांजणातलं पाणी उकळून ओतायचं, आणि उन्हात धरून रंग बघायचा. चहा काळवंडला की नापास. शनिवारमागून शनिवार गेले, पाणी काही पास होईना. बरं, हा गृहस्थ हार मानील तर शपथ. कोळसा बदलला, डब्याची भोकं वाढवली, एकदा तर मी सिगारेट ओढतो म्हणून पाण्याला वास लागतो, असा शोध लावला. मी सिगारेट सोडली. चहा काळाच. चार वाजले की बाईंच्या पायातल्या वहाणा वाजायच्या, आणि मालक ओसरीवर रिकाम्या पाटाकडे न बघता बसायचे. मला हसू यायचं आणि खरं सांगतो, वाईटही वाटायचं.

मग त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. घरी आले ते डोळ्यावर पट्टी, वर हिरवं फडकं बांधून. दुसऱ्या डोळ्यानं उजेड-अंधारापलीकडं दिसत नव्हतंच. डॉक्टरांनी वाकायची सक्त मनाई केलेली. आल्या आल्या पहिला प्रश्न, "शनवारी वाळू कोण धुणार?" बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं, ते त्यांना दिसलं नाही, पण मला दिसलं. शनिवारी मी बाह्या सरसावून परसात गेलो, तर बाई मागोमाग आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सात पाण्यानं धुवायला तुमाला काय येड लागलंय? नुसता आवाज करा." कोपऱ्यात चौथऱ्याच्या बांधकामाची उरलेली वाळू पडली होती. ती बादलीत घेतली, पाणी ओतलं आणि खळखळ, खळखळ सात वेळा. ओसरीवरून मालक मोजत होते. पाचव्या वेळेला म्हणाले, "जोर लावा मास्तर, पगार न्हाय म्हणून असं करू नगा." असे चार शनिवार मी त्या आंधळ्या माणसाला फसवलं. रांजणातल्या वाळूला बोटही लावलं नाही. ती तांबडी झाली, मग चांगली विटकरी झाली.

आणि पाचव्या आठवड्यात पाणी पास झालं. पुढं आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या शिक्षकांनी मला समजावलं, की वाळूवर चढलेला तो तांबडा थरच पाण्यातलं लोखंड धरून ठेवतो. म्हणजे मालक दर शनिवारी औषधच धुऊन टाकत होते. पण त्या दुपारी हे कुणाला ठाऊक! बाईंनी परीक्षेचा पेला उन्हात धरून बघितला. चार वाजले. वहाणा वाजल्या नाहीत. चुलीवरून चहाचा वास आला, बाई दोन कपबश्या घेऊन ओसरीवर आल्या आणि पाटावर बसल्या. मालक पट्टीखालून म्हणाले, "रंग कसा हाय?" बाईंनी बशीत चहा ओतला आणि फुर्रर्र करून मोठ्यानं प्यायल्या. मालकांची मान तिकडे वळली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी उगीच वह्या तपासायला आत गेलो.

पट्टी सुटली तरी वाळूशी त्यांची गाठ पडली नाही. बाईंनी डॉक्टरांची मनाई पुढं चालूच ठेवली. वाकायचं नाही म्हणजे नाही. मालकांनीही कधी हट्ट धरला नाही, याचं मला नवल वाटे. वरचा चिखल बाईच पळीनं खरवडायच्या आणि माझं शनिवारचं खळखळणं बिनबोभाट बंद झालं.

माझी बदली टेंभुर्णीला झाली, तेव्हा सामान भरल्यावर मी निरोप घ्यायला गेलो. पाया पडलो आणि मनातलं ओझं टाकावं म्हणून म्हणालो, "मालक, एक चूक झालीय. ते चार शनिवार मी तुमची वाळू..."

"धुतलीच न्हाय," मालक म्हणाले. "ती बांधकामाची भरड वाळू हुती. आपली चाळलेली वाळू अशी खरखरत न्हाय. डोळे बांधले हुते मास्तर, कान न्हाय."

मी विचारलं, "मग पहिल्याच शनिवारी बोलला का नाहीत?"

"पयल्या शनवारी बोलणारच हुतो. पण ती तुमच्या शेजारी हुबं ऱ्हाऊन हसत हुती की. लई दिसांनी ऐकलं. तवा म्हटलं, पाणी जाऊ दे खड्ड्यात, चालू दे."

तेवढ्यात आतून बाईंनी विचारलं, मास्तर चहा घेऊन जातील ना. मालकांनी मला पाट सरकवून दिला.