दोन्ही पाय टेकले पाहिजेत

माझी उंची हा आमच्या घरातला कायमचा सार्वजनिक विषय. पन्नाशी उलटल्यावर मी जाहीर केलं की मला क्रूझर बाईक घ्यायचीय, तेव्हा नवऱ्याने चष्मा पुसून मला आपादमस्तक न्याहाळलं. फार वेळ लागला नाही त्याला.

गिअरची गाडी मी लग्नाआधीच भावाकडून शिकलेली. नंतर आख्खी नोकरी डोंबिवलीच्या गल्ल्यांतून स्कूटर पिदडण्यात गेली. आता निवृत्त झालेले, पैसे माझे, हौस माझी. नवऱ्याने एकच अट घातली: थांबलेल्या गाडीवर दोन्ही पाय नीट जमिनीला टेकले पाहिजेत, नाहीतर पुन्हा स्कूटर. मी हो म्हटलं.

पसंतीला दोन मॉडेलं होती. कंपनी एक, इंजिन तेच, टाकीसुद्धा तीच. लांबून बघाल तर सख्ख्या बहिणी. एकीची सीट ऐसपैस, पाय ठेवायची जागा पार पुढे, म्हणजे आरामखुर्चीत बसल्यासारखं चालवायचं. दुसरी सडसडीत, पाय अंगाखालीच, हँडल सरळ. नवरा केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला, त्यामुळे छापील आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य. कागदावर ऐसपैस गाडीची सीट जरा बुटकी होती. मला दाराला टेकून उभं करून, पायजमा शिवायचा असल्यासारखं त्याने टेपने माझ्या पायाचं माप घेतलं आणि निकाल दिला: हीच. दुसरीकडे बघूसुद्धा नकोस.

माजिवड्याच्या शोरूममध्ये सेल्समनने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "सर, मॅडमसाठी स्कूटर दाखवू?"

माझं डोकंच फिरलं. मी हेल्मेट घातलं आणि त्या बुटक्या गाडीवर बसले. फरशीवर जेमतेम चवडे टेकले. तरी निघाले. सर्व्हिस रोडच्या चढावर थांबायची वेळ आली, पाय खाली सोडला तर खाली जमीनच नाही! गाडी डावीकडे कलायला लागली. मागून दुसऱ्या गाडीवर येणारे सेल्समन आणि नवरा धावले, म्हणून वाचले. रडू येत होतं, ते रागाचं होतं.

नवरा हळू आवाजात म्हणाला की बुटकीवर ही गत, तर उंच गाडीचं नावच नको, स्कूटर बघूया. त्याचं गणित चोख होतं, म्हणूनच मला ते मान्य नव्हतं. बसल्यावर मला कळलेलं काहीतरी त्याच्या टेपला कळलं नव्हतं. त्या ऐसपैस सीटवर पाय आधी बाजूला फाकतो, मग खाली जातो. निम्मं माप तिथेच संपतं. आणि पुढे ताणलेला पाय आधी मागे ओढायचा, मग टेकवायचा. तोवर गाडी कलायची थांबते होय?

मी हट्टाने सडसडीत गाडी काढायला लावली. सीट पुढच्या बाजूला निमुळती होती. बसले. पाय सरळ खाली उतरले आणि दोन्ही टाचा फरशीला लागल्या. नवरा वाकून बघायला लागला, बुटाखाली काही ठेवलंय का म्हणून!

मग मी परत त्याच चढावर गेले. मुद्दाम. बरोबर त्याच जागी ब्रेक लावला, दोन्ही पाय टेकले आणि उगाचच तशीच उभी राहिले. मागून हॉर्न वाजत होते. वाजू देत. शाळेत पहिली आले होते तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता. परत आले तर सेल्समन मला विचारतोय, मॅडम, रंग कोणता?

गाडी मिळाली त्या दिवशी चाकाखाली लिंबू ठेवलं, हार घातला आणि माणकोलीच्या पुलावरून डोंबिवलीला निघालो. मी पुढे, नवरा मागे, पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन. गावात शिरल्यावर सिग्नलला शेजारी एक रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने गाडी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि माझ्या डोक्यावरून नवऱ्याला विचारलं, काका, ॲव्हरेज काय देते?

नवऱ्याने पेढ्यांचा बॉक्स सावरला.

"हिला विचारा," तो म्हणाला. "गाडी हिची आहे."