मिठाच्या कोठारातला सांधा

रेवदंड्याच्या खाडीकाठी मिठाचं जुनं कोठार आहे. त्याच्या छपरात शोधूनही एक खिळा सापडायचा नाही, कारण मीठ लोखंड खातं. दत्तात्रेय सुताराच्या आजोबांनी तिथली तुळई बदलली ती कुसू घालून. एका लाकडाचं निमुळतं टोक म्हणजे कुसू. ते दुसऱ्याच्या भोकात बसवायचं, वरून लाकडाचीच खुंटी ठोकायची. मग वादळ येवो की उधाण. ही विद्या आजोबांकडून दत्तात्रेयाच्या हातात आली आणि तिथंच थांबली. प्लायवूड आलं, स्क्रू मारायचं मशीन आलं. मुलाने, दिपेशने, दोनदा विचारलं होतं की तो सांधा शिकवा. दत्तात्रेय म्हणाला होता, "कोण इचारतो आता त्याला? स्क्रू मार नि मोकळा हो."

दिपेश चैत्रात गेला. अलिबागहून मोटारसायकलवर येत होता. सव्वीस वर्षांचा.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही. सुरूच्या झाडावर ओळीने बसले होते. दिपेशचा मामा बाळाजी हात जोडून सांगत राहिला, आईला अंतर देणार नाही, पालीच्या बल्लाळेश्वराला तू बोललेला नारळ वाहू, तुझी गाडी कुणाला देणार नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

घरी आल्यावर वेणू, दिपेशची आई, एवढंच म्हणाली, "काय राहिलं हो त्याचं? तुमाला कायच ठाव न्हाय?"

त्याला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून दत्तात्रेय जेवायला बसला की पानातला भात चिवडत राही.

ज्येष्ठ लागता लागता तेजस्वी मॅडम घरी आल्या. मुंबईच्या, इमारतींच्या आतली सजावट करणाऱ्या. कोठारात जपानी हॉटेल व्हायचं होतं. चुन्याच्या भिंती नि छप्पर तसंच ठेवायचं, आत बसायला बुटका लाकडी ओटा, आणि मधे कागद लावलेले, लाकडी जाळीचे सरकते दरवाजे. ते काम दिपेशकडे होतं. पहिली चौकट त्याने स्क्रू मारूनच केली होती. भिंतीत मुरलेल्या मिठाने दीड महिन्यात स्क्रू गंजले नि पांढऱ्या कागदावर तांबडे ओघळ आले. तेव्हा मॅडमनी त्याला जपानातल्या बिनखिळ्याच्या सांध्यांची चित्रं दाखवली.

"तो हसला, काका. म्हणाला, मॅडम, जपानला कशाला जाता, डोक्यावर बघा की. म्हणाला, माझ्या बाबांना येतं हे. त्यांच्याकडून शिकून घेतो, मग आम्ही दोघं मिळून करू. तुमच्याशी बोलला असेल ना?"

"व्हय," दत्तात्रेय म्हणाला. "बोललेला."

आतून पाण्याचा तांब्या घेऊन येणारी वेणू दारातच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याने आजोबांची पटाशी काढली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि कोठारात गेला. हात विसरले नव्हते. बारीक जाळी त्याने एकट्याने केली. पण वरची आडवी पट्टी नऊ फुटांची. कुसू भोकाशी नेलं की लांबचं टोक कुणीतरी तोलून धरावं लागतं. पट्टी उचलून, मान वर न करता तो म्हणाला, "दिप्या, धर."

पलीकडे जुना रंग घासणाऱ्या रंगवाल्यांचं मशीन बंद झालं. त्याने पट्टी खाली ठेवली, विटा रचल्या, टोक त्यांवर टेकवलं आणि मग कुसू बसवलं.

दरवाजे उभे राहिले त्या दिवशी नव्या आचाऱ्याने सगळ्यांना चव बघायला भाताचे गोळे दिले, वरून काळे तीळ लावलेले. रंगवाल्यांपैकी अल्पेश हसत म्हणाला, "जपानी लोक पन पिंडच खातात काय रं?" आणि दत्तात्रेयाकडे नजर जाताच त्याचा हात ताटलीतच राहिला.

दत्तात्रेय आपला गोळा घेऊन मागच्या दगडी गडग्यापाशी गेला. दगडावर ठेवला. मंत्र त्याला येत नव्हते.

"झाली रं चौकट. बिनखिळ्याची."

हात मागे घेईपर्यंत कावळा आला. चोच मारली, तीळ सांडले, अर्धा गोळा घेऊन उडाला. दारातून आचारी म्हणाला, इथले कावळे भारी चोर, सकाळपासून भातावर टपलेत. दत्तात्रेयाने मान हलवली.

घरी येऊन त्याने वेणूला सांगितलं. तिने डोळ्यांना पदर लावला, देवापुढे दिवा लावला. "शिवला नव्हं? मग सुटला माझा पोर."

"सुटला," तो म्हणाला. उंबऱ्याशी बसून हातावरचा भुसा झाडत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"दोन दुपारी लागल्या असत्या गं शिकवायला," तो म्हणाला. "दोनच."