पाठीतलं पाणी आणि हिवरखेडच्या सासूबाई

मेंदूच्या डॉक्टरकडे कसल्या आल्यात गमती, असं लोकांना वाटतं. अहो, अकोल्यात एक दिवस ओपीडी चालवून बघा! चहा निवेपर्यंत दोन किस्से तयार होतात. हे तर एकट्या शुभांगीच्या घरचे आहेत.

शुभांगी तेल्हाऱ्याची, शाळेत शिकवते. आधी एका डोळ्याला धूसर दिसायला लागलं, मग पाय बधिर. एमआरआय बघून मला मल्टिपल स्क्लेरोसिसची शंका आली. यात शरीराची संरक्षण यंत्रणाच नसांच्या आवरणावर उलटते. त्यात पोरीचं लग्न ठरलेलं! ते मोडतं की काय, या धास्तीनं सगळं घर माझ्यासमोर बसलेलं.

*

मी नेहमीचा प्रश्न विचारला, "घरात आणखी कोणाला असा आजार?"

शुभांगीची आई उठली. दार लावलं, खिडकी लावली, मग कानाशी येऊन म्हणाली, "कोणालेच नाही!"

आमच्या रझिया सिस्टर म्हणाल्या, "मग मावशी, दार काहून लावलं?"

*

तपासणीसाठी पाठीतलं पाणी काढायचं ठरलं. तिच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या काकांचा, चेहरा उतरला. पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, असं त्यांना गावात कोणीतरी सांगितलेलं. काम झाल्यावर मी त्यांना त्या पाण्याची छोटीशी नळी दाखवली.

"एवढंच? अन् आमी बोअर मारून राहिले समजून बाहेर देव पाण्यात ठेवले!"

"आता तिला भरपूर पाणी पाजा," असं मी सांगितलं. संध्याकाळी काका ताकाची कळशी घेऊन हजर. काढलेलं भरून निघायला पाहिजे ना!

*

"पाणी घेतलं, मग रक्त कायले?" हा काकांचाच प्रश्न.

मी समजावलं, "पाण्यात काही खास पट्टे दिसतात का ते बघायचं. तेच रक्तात नसतील, तर गडबड मेंदूकडची."

काकांना ओ की ठो कळलं नाही. रझिया सिस्टर म्हणाल्या, "सोयरीक जमवताना पोराची चौकशी त्याच्या घरी करता, अन् शेजाऱ्याकडं पण करता ना? तसंच हे!"

काकांनी लगेच मान डोलावली.

*

पट्टे फक्त पाण्यातच निघाले. निदान पक्कं झालं. मला फार वाईट वाटलं.

वडिलांनी विचारलं, "म्हणजे आमच्या वाणातच खोट?"

"तसं नाही. पुष्कळ जनुकं थोडा थोडा धोका वाढवतात. शिवाय एखादा विषाणू, कमी ऊन, असं बरंच काही जुळून यावं लागतं."

"कपाशी बुडाली की कृषी केंद्रवालाही हेच सांगते," ते म्हणाले. "बियाणं, हवा, कीड, सगळ्यायचा दोष. फक्त त्याचा नाही!"

शुभांगी खळखळून हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "मॅडम, मी लपवून लग्न करणार नाही. सासूबाईले बोलावते. तुमीच सांगा, माह्यासमोर."

*

होणाऱ्या सासूबाई हिवरखेडहून आल्या. शुभांगीची आई बाहेर दुकानात औषधं विकत घेत होती. मी सगळं सांगितलं: औषधं चांगली आहेत, पण बराच काळ घ्यावी लागतील. पोरंबाळं होऊ शकतात.

"लेकरायले होते का हा आजार?"

"धोका थोडा वाढतो. पण बहुतेकांना होत नाही."

शुभांगीनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"डॉक्टरीणबाई, आमच्या घरी पोराच्या आज्याले शुगर, बापाले शुगर, दोन्ही काकायले शुगर. हिच्या मायले सांगू नका बरं, लग्न मोडन ते!"