गोलकीपरची कोच

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात मुलांची लॅक्रॉसची टीम सुरू झाली, तेव्हा तिला शिकवणारे आम्ही तिघं होतो आणि तिघांपैकी एकानंही हा खेळ कधी खेळला नव्हता. मुख्य कोच महादेवराव सर हॉकीचे. मी धर्मेंद्र, धावण्याचा, म्हणून माझ्याकडे फिटनेस. गोलकीपर तयार करायला ज्योत्स्नाताई. टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू झेलायचा, फेकायचा आणि गोलमध्ये मारायचा, एवढंच आम्हाला माहीत होतं. बाकीचं मोबाईलवर व्हिडिओ पाहून शिकलो.

ज्योत्स्नाताई मूर्तिजापूरच्या. वडील डोमाजी तहसील कचेरीत शिपाई होते. ताई विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल टीममध्ये चार वर्षं कॅचर होत्या, म्हणजे बॅट्समनच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या. पुढे आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर लागल्या आणि तेरा वर्षं तशाच राहिल्या. बोलणं कमी, पण मैदानावर आवाज असा, की रस्त्यावरचा ऑटोवाला वळून पाही.

लॅक्रॉसचा चेंडू रबरी आणि टणक. मुलं गोलमध्ये उभी राहायला बिचकत. अश्विन तेवढा तयार झाला. धामणगाव रेल्वेचा पोरगा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. ताई त्याला रोज एकच सांगत, "मान फिरवू नको. काठी चुकली तं अंग मधात पाहिजे. अंगावर घे."

मागच्या जानेवारीत अकोल्याला सामना होता. तिसऱ्या सत्रात समोरच्या मुलानं जवळून चेंडू मारला. अश्विननं काठी आणली, पण उशिरा. चेंडू छातीवर लागला आणि खाली पडला. गोल वाचला म्हणून आमची मुलं ओरडली. अश्विन दोन पावलं चालला, खाली बसला आणि आडवा झाला.

मला वाटलं, दम अडकला असेल. तोवर ताई त्याच्याजवळ पोचल्या होत्या. त्यांनी छातीवरचं गार्ड सोडलं, मानेला बोटं लावली.

"नाडी नाई. धर्मेंद्र, एकशेआठले फोन लाव."

आणि त्यांनी छाती दाबायला सुरुवात केली. मोठ्यानं मोजत होत्या. तीस झाले की दोन श्वास, की पुन्हा एकपासून. त्या थकल्या की मी, मी थकलो की त्या. महादेवराव सर मुलांना मागे सारत होते. आठ-नऊ मिनिटांनी ॲम्ब्युलन्स आली. त्यातल्या लोकांनी छातीला पट्ट्या लावून विजेचा झटका दिला. दुसऱ्या झटक्याला ठोका लागला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "दोन ठोक्यांच्या मधल्या नेमक्या क्षणी मार बसला, म्हणून हृदय बंद पडलं. तुम्ही दाबत राहिलात म्हणून पोरगा आहे."

तिसऱ्या दिवशी अश्विननं डोळे उघडले. आम्ही पॅसेजमध्ये होतो. मला रडू कोसळलं. ताई पोहे खात होत्या. प्लेट संपवून म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

तेव्हा मला ते धैर्य वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या सात वाजता मैदानावर हजर होत्या. पण आवाज गेला होता. घसा बरा होता. ओरडायचं त्यांनी सोडून दिलं होतं. कुणी चुकलं तरी वहीत लिहून घेत. कॉलेजनं शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. त्या शाल मांडीवर घेऊन बसून राहिल्या. कसं वाटलं, असं कुणी विचारलं तर म्हणत, "तीस वेळा दाबायचं, दोनदा श्वास द्यायचा."

एकदा मी विचारलं, "ताई, झोप लागते ना?"

"लागते. जेवणही जाते. काईच होत नाई, तेच तं." वही मिटून म्हणाल्या, "तो जगला हे समजलं तवा मी आनंद व्हायची वाट पाहत बसली. नाई झाला. मंग वाटलं, रडू येईन. तेही नाई आलं."

एप्रिलमध्ये त्या म्हणाल्या, धामणगावला जाऊ. बडनेऱ्याहून गाडीनं गेलो. अश्विनची आई मनकर्णाबाई अंगणवाडीत मदतनीस. ताईंना पाहताच ती पाया पडायला वाकली. ताईंनी तिचे खांदे धरले.

"मावशी, आधी ऐका. अंगावर घे म्हणून त्याले मीच सांगतलं होतं. गार्डही सॉफ्टबॉलचं होतं. या खेळाचं मागवलं होतं, ते आलं नव्हतं. तरी मीच त्याले उतरवलं."

मनकर्णाबाई सरळ उभी राहिली. "हे मले काहून सांगता, बाई?"

"तुमाले माहीत पाहिजे म्हणून."

"सारे म्हणत होते, मॅडमनं वाचवला. आता तुमी म्हणता, मॅडमनंच केलं. मी काय करू याचं?"

"काई नका करू."

बाजेवरून अश्विन म्हणाला, "आई, व्हिडिओतही तसंच शिकवतात." त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. मनकर्णाबाई आत गेली, चहा घेऊन आली. आम्ही प्यालो. निघताना ती पाया पडली नाही आणि दारापर्यंतही आली नाही.

परतताना गाडीत मी विचारलं, "हलकं वाटलं का?"

"नाई. पण सांगायचं होतं ते झालं."

जूनमध्ये ताईंनी महादेवराव सरांना सांगितलं, खेळाची खरी गार्डं येईपर्यंत गोलमध्ये कोणी उभं राहणार नाही. ऑगस्टमध्ये अकोल्याच्या टीमनं सामन्याला बोलावलं. सर म्हणाले, एका सामन्यानं काय होते? ताई त्यांच्या समोर तशाच उभ्या राहिल्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आपणच फोन करून सामना सोडला. मुलं आठवडाभर आमच्यावर रुसून होती. गार्डं सप्टेंबरात आली.

अश्विननं खेळ सोडला. धामणगावातच एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला. कधी ताईंना फोन करतो. त्या विचारतात, "तपासणीची तारीख कवा हाय?" तो सांगतो. मग दोघंही फोन ठेवतात.

यंदा फरदीन नावाचा नवा पोरगा गोलकीपर व्हायला आला. पहिल्या दिवशी गार्ड चढवून म्हणाला, "मॅडम, डर लागून राहिला."

"काढ मंग. घरी जा. उद्या वाटलं तं ये."

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, पण ताई घरच्या कामानं मूर्तिजापूरला गेल्या होत्या. त्याला गोलमध्ये मी उभं केलं आणि हळू चेंडू टाकले.