मॅच्युअर व्हायला एक पावसाळा

आता चहा घेत घेत ऐका, पण ऐकून झाल्यावर मला शहाणपण शिकवायचं नाही, एवढं आधी कबूल करा. ते काम आमच्या फौंड्रीतल्या लोकांनी हाती घेतलंय, आणि त्यासाठी त्यांनी मला सध्या उघड्यावर ठेवलंय.

इंग्रजी घेऊन बीए झालो आणि वडिलांच्या मुरगूडच्या कापडदुकानात बसायला साफ नकार दिला. देश यंत्रांवर उभा राहत असताना मी काय लुगड्यांच्या घड्या घालत बसू? शिरोलीला एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, सुपरवायझरच्या हाताखाली लागलो. सहा महिने उमेदवारी, मग कायम. वडील म्हणाले, "सहा म्हैन्यानं येशीलच. गादी झाडून ठेवतो."

झालं. आता कायम होणं हा पोटाचा नाही, अब्रूचा प्रश्न झाला.

पहिल्या तीन महिन्यांत मी मालकांना एकवीस लेखी सूचना दिल्या. एकविसावी वाचून मालक म्हणाले, "पोरा, हुशार हाईस. पण मॅच्युअर न्हाईस."

मला आगाऊ म्हणा, उर्मट म्हणा, चालेल. पण इंग्रजीच्या बीएला इंग्रजी शब्दानं मारायचं? सुट्टीच्या दिवशी तडक कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो आणि जाडजूड कोश उघडला. शब्द लॅटिनमधून आलेला. मूळ अर्थ पिकलेला. इथपर्यंत मालक बरोबर होते. पण पुढे काय होतं, सांगू? त्याच लॅटिन शब्दाचा दुसरा अर्थ वेळेवर झालेला, लवकर झालेला. आणि त्याच्या क्रियापदाचा एक अर्थ तर चक्क घाई करणे!

म्हणजे मुळात मॅच्युअर माणूस तो, जो घाई करतो. म्हणजे अख्ख्या शिरोलीत एकटा मीच की.

दुसऱ्या दिवशी टपरीवर दस्तगीर मिस्त्रींना हे सगळं ऐकवलं. मिस्त्री म्हणजे आमच्या फौंड्रीतले सगळ्यात जुने कारागीर. बशीतला चहा संपेपर्यंत त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"व्हय व्हय," ते म्हणाले, "आमची बायकू बी काल घाई करून कच्चाच भात वाढली. मॅच्युअर बाई हाय म्हणायची."

"तसं नव्हे मिस्त्री, शब्दाचं मूळ बघा."

"बघतो की. भाताचं तर रातभर बघत हुतो."

तर आमच्या मागच्या यार्डात लेथ मशीनचे बेड पडलेले असायचे. बेड म्हणजे अख्खं मशीन ज्यावर बसतं तो लांबलचक लोखंडी पाया. ओतून झालेले, आणि तसेच उघड्यावर टाकलेले. तांबडे पडलेले, मधून गवत उगवलेलं. एकाच्या आडोशाला कुत्री व्याली होती. राष्ट्राची संपत्ती अशी गंजत पडलेली बघून माझ्या जिवाचा संताप व्हायचा. सूचना क्रमांक चार, नऊ आणि सतरा याच विषयावर होत्या. कुणी उत्तर दिलं नव्हतं.

मग एकदा योग आला. मालक कामासाठी मद्रासला गेले, मिस्त्री लेकीच्या लग्नासाठी आजऱ्याला. आणि नेमकी गिऱ्हाइकाची तार आली, आठ बेड लवकर पाठवा. लवकर! तार थेट लॅटिनमधूनच आली म्हणा ना.

मी आठ बेड उचलून मशीनशॉपमध्ये आणले. मशीनवरचा शंकर डोकं खाजवत म्हणाला, "बीए, मिस्त्रींस्नी इचारलायसा?"

"जबाबदारी माझी."

"मग लिवून द्या."

लिहून दिलं. खाली सही, पुढे बीए. त्याच झोकात वडिलांनाही एक पोस्टकार्ड लिहिलं, 'मी कायम झाल्यात जमा आहे. गादी झाडू नये.' पेटीत टाकायचं मात्र राहून गेलं, ते खिशातच.

पाच दिवसांत आठही बेड मशीनवर तासून-घासून आरशासारखे. मालक आणि मिस्त्री एकाच सकाळी परतले. मी दोघांना मिरवत आत नेलं. मालकांचा चेहरा क्षणभर उजळला. मिस्त्रींनी सरळ पोलादी पट्टी आणली, पहिल्या बेडवर ठेवली आणि माझ्याकडे न बघताच हात पुढे केला.

"कागद हाय का एखादा?"

मी खिशातलं पोस्टकार्ड दिलं. ते पट्टीखालच्या फटीतून अलगद आरपार गेलं. दुसऱ्या बेडवर गेलं. आठही बेडांवर गेलं. वडिलांना कधीच न मिळालेलं ते पत्र सगळ्या फौंड्रीनं वाचलं.

"परवा तर सरळ होते," मी म्हणालो.

"परवा असतील," मिस्त्री म्हणाले. "लोखंड वतलं की वरनं आधी गार हुतंय, आतनं मागनं. आतल्या आत ताणून बसतंय. वरीसभर उनापावसात टाकलं की हळूहळू अंग सैल सोडतंय. मग हत्यार लावायचं. आधी लावलं की असं वाकडं जातंय."

"मग मला कधी सांगितलं का नाही?"

"कवा सांगणार? तुमीच सांगत हुतासा."

मालक म्हणाले, "आत्ताच्या आत्ता ह्येला मुरगूडच्या गाडीत बसवा."

माझ्या डोळ्यांपुढे झाडलेली गादी आली. तेवढ्यात मिस्त्री बोलले. "मालक, टाकू नगा. माल चांगला हाय. नुस्ता ताणून बसलाय. एक पावसाळा भाईर ठिवा."

आणि मालकांनी ठेवलं. उमेदवारी वाढवली, एक पत्र्याचं छप्पर दिलं आणि मला यार्डाचा कारकून केलं. काम एकच. आलेल्या प्रत्येक बेडवर पांढऱ्या रंगानं ओतल्याची तारीख घालायची आणि वर्ष होईपर्यंत कुणालाही, विशेषतः बीएला, हात लावू द्यायचा नाही. पहिल्याच आठवड्यात माझ्या खुर्चीच्या पाठीवर त्याच रंगात एक तारीख दिसली. मी नोकरीला लागलो ती. मिस्त्री येता-जाता माझ्या पाठीवर टिचकी मारतात, कान देऊन आवाज ऐकतात आणि म्हणतात, "अजून न्हाय."

परवा वडिलांचं पत्र आलं, 'कायम झालास का?'

या वेळी मी उत्तर लिहून लगेच पेटीत टाकलं. 'सध्या गंजतोय. काम समाधानकारक चालू आहे.'