साखळी मोजणारा आजा

जमीन मोजायची लोखंडी साखळी पहिल्या दिवशी आजाच्या हातात दिली, तेव्हा त्याने विचारलं, "हिला कोनी मोजलीय?"

मी म्हणालो, "सरकारने."

"मंग एकदा आपुनबी मोजू." असं म्हणून त्याने साखळी अंगणात पसरली आणि एक वाळका बांबू असा तोडला की दहा बांबूंत साखळी बरोबर बसली. तो बांबू पुढे कायम त्याच्या खांद्यावर असे.

जव्हार संस्थानात तेव्हा मोजणी सुरू होती. मी कचेरीतून आलेला कारकून, आजा म्हणजे जामसरच्या वरच्या पाड्यातला म्हातारा, साखळी ओढायला रोजावर घेतलेला. बाकीचे गडी त्याला 'बांबूसाहेब' म्हणून चिडवत. तो हसून म्हणे, "साहेबाला पगार किती रं?"

सगळ्यांवर त्याचा संशय होता, पण राग कुणावरच नव्हता. कचेरीच्या घंटेचा टोला पडला की तो आधी सूर्याकडे बघे आणि मान हलवे. टोला बरोबर निघाला तर त्याला मनापासून आनंद होई. माझ्या याद्यांचं त्याला फार कौतुक. "भाऊसाहेब इसरले तरी वही इसरत नाय," असं तो सगळ्यांना सांगे.

शेवटी मोजणी त्याच्याच पाड्यावर आली. हुकूम असा होता : ओढ्यापासून वर बारा साखळ्या गावाच्या, त्यापुढे संस्थानचं राखीव रान. बारावी साखळी संपली तिथे आमच्या मोजणीदार साहेबांनी हद्दीचा दगड रोवायला सांगितलं. त्या दगडाच्या चार हात वर पाड्याचा झरा होता. उन्हाळ्यात पाणी तेवढंच. बायका हंडे घेऊन उभ्या होत्या, त्यात आजाची सूनही होती.

"साहेब, साखळी आखूड झालीय," आजा म्हणाला. "बांबू सांगतोय."

"साखळीवर सरकारी शिक्का आहे. तुझ्या बांबूवर कुणाचा?"

"माझ्या कोयत्याचा. पन साहेब, शिक्क्याला पानी फुटतं का?"

गडी हसले. मोजणीदार हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "साखळी रोज सकाळी तपासता ना?"

मी वही उघडली. 'साखळी तपासली' या रकान्यात एकही सकाळ रिकामी नव्हती. महिनाभर मी पोत्यातली साखळी बाहेर काढण्याआधीच तिथे खूण करत होतो. आजाने हे रोज पाहिलं होतं. तो झऱ्याकडे बघत राहिला.

"खुणा केल्या," मी म्हणालो. "तपासली नाही."

साखळी पसरली. खडकांवरून ओढून कड्या वाकल्या होत्या. अर्धा हात कमी भरली. कड्या ठोकून सरळ केल्या, पुन्हा मोजलं आणि दगड झऱ्याच्या वर गेला. बायकांनी तिथेच हंडे भरायला घेतले.

आठवड्याने कचेरीतून चिठ्ठी आली. मला समज, आणि आजाला कामावरून कमी. कारण : कामात शंका काढतो. चूक माझी होती आणि नोकरीही माझीच राहिली. ती चिठ्ठी मीच त्याला वाचून दाखवली.

"जाऊंद्या भाऊसाहेब. पानी हाय ना?" आजा म्हणाला. जाताना त्याने बांबू माझ्या राहुटीला टेकवून ठेवला. "रोज सकाळी साखळीला लावा. पन बांबूवरबी इस्वास ठेवू नका. त्यालाबी मोजत जा."

कशाने, ते विचारायचं राहून गेलं.